स्वस्त दलाल, महाग वायदा

बाजारात एखादी सेवा एकाएकी कवडीमोल झाली, की ती कोणासाठी स्वस्त झाली आणि तिची किंमत आता कोण मोजतो आहे हे विचारावयाचे असते. समाजवादी कार्यकर्त्याच्या शिक्षणातील हा पहिला धडा होय. शेअरबाजारातील दलाली आज अशीच स्वस्त झाली आहे. पूर्वी शेअर घ्यावयाचा तर मुंबईच्या दलाल स्ट्रीटवरील पेढीशी ओळख लागे. आता मोबाइलच्या पडद्यावर बोट ठेवले की खाते उघडते आणि प्रत्येक सौद्याला वीस रुपये दलाली पडते. या स्वस्ताईचा उल्लेख नेहमी ‘गुंतवणुकीचे लोकशाहीकरण’ म्हणून होतो. लोकशाही हा शब्द ज्या पक्षाला प्रिय आहे, त्याने तो असा सवंगपणे वापरू देऊ नये.

जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगाव हे घनसावंगी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. दक्षिणेला गोदावरी, तालुक्यातून गेलेला जायकवाडीचा डावा कालवा. कालव्याच्या कुशीत ऊस आणि बाकी रानात कापूस, सोयाबीन, तूर. जमिनीचे तुकडे पिढीगणिक लहान होत गेले आहेत. पोरे शिकली आहेत, पण शिक्षणाच्या तोडीचे काम तालुक्यात नाही. स्पर्धा परीक्षेची वर्षे संपत आली, शेतीत मन रमत नाही, शहरात गेले तर पगार खोलीभाड्यात जातो. अशा गावातील पदवीधर तरुण आज एक नवा प्रश्न विचारू लागला आहे: वायदे-ऑप्शनसाठी कुठला ऑनलाइन ब्रोकर स्वस्त पडेल?

हा प्रश्न ऐकून नाक मुरडणारे कार्यकर्ते पुष्कळ आहेत. सट्टा म्हणजे पाप, कष्टाविना पैसा म्हणजे चोरी, असे दोन शब्द सुनावून ते पुढे जातात. त्याने तरुण सुधारत नाही. तो फक्त विचारणे सोडतो आणि पुढचा सल्ला टेलिग्रामवरील टिपा विकणाऱ्याकडून घेतो. प्रश्न विचारणारा मूर्ख नाही. खर्चाचा विचार करणे हा शहाणपणाच होय. चूक इतकीच की, तो ज्या खर्चाची घासाघीस करतो आहे तो खरा खर्च नव्हे. हे त्याला उपदेशाने पटणार नाही, हिशेबाने पटेल. म्हणून आधी हिशेब.

बाजार समितीत माल विकलेल्या शेतकऱ्याला पट्टी वाचता येते. मालाची किंमत वर लिहिलेली असते आणि खाली अडत, हमाली, तोलाई अशा एकेक कपाती. कोणत्या कपातीवर भांडावयाचे आणि कोणती किरकोळ म्हणून सोडावयाची, हे त्याला अनुभवाने कळते. ब्रोकर सौद्यानंतर जी नोंद पाठवतो, तीही पट्टीच आहे. ती वाचावी. सेबीने ऑक्टोबर 2024 मध्ये नियम बदलले आणि निर्देशांकाच्या नव्या वायदे-कराराचे किमान मूल्य 15 लाख रुपये केले. असा एक करार घेतला आणि विकला, तर वीस-वीस रुपयांप्रमाणे दलाली 40 रुपये. विक्रीवरील रोखे व्यवहार कर 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या 0.02 टक्के दराने 300 रुपये. 2026 च्या अर्थसंकल्पात हा दर 0.05 टक्के झाला, म्हणजे 750 रुपये. खरेदीवरील मुद्रांक शुल्क 30 रुपये, शेअरबाजाराचे शुल्क दोन्ही वेळचे मिळून पन्नासच्या आसपास, शिवाय दलाली आणि शुल्कावर 18 टक्के वस्तू व सेवा कर. एकूण बेरीज जवळजवळ नऊशे रुपये. त्यात दलालीचे 40. ज्या चाळीस रुपयांसाठी तरुण दहा ब्रोकरांचे दरपत्रक ताडून पाहतो, ते एकूण कपातीच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी आहेत. दुसऱ्याने दलाली शून्य केली तरी पट्टी फारशी हलत नाही.

आणि ही तर नुसती कपात झाली. कराराचे मूल्य 15 लाख; हातचे तारण मात्र त्याच्या थोड्या हिश्श्याएवढे. निर्देशांक एक टक्का उलटा गेला की 15 हजार रुपये गेले. 2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. त्या दराने ही जवळजवळ तीन क्विंटल सोयाबीनची किंमत. निर्देशांक एक टक्का हलणे ही बाजारात नवलाईची गोष्ट नव्हे. तारण अपुरे पडले की ब्रोकरची यंत्रणा सौदा परस्पर मोडते आणि काही ठिकाणी मोडण्याचे शुल्कही लावते.

करार इतका मोठा झाल्यावर लहान भांडवलाचा माणूस वायदा सोडून ऑप्शनकडे वळतो, कारण तेथे दोन-तीन हजारांतही प्रवेश मिळतो. येथे मात्र वीस रुपयांचे रूप पालटते. तीन हजारांचा ऑप्शन घेताना वीस आणि विकताना वीस, म्हणजे गुंतवलेल्या रकमेच्या सव्वा टक्क्याहून अधिक रक्कम एकाच फेऱ्यात दलालीला गेली. जो दिवसाला पाच वेळा घेतो आणि पाच वेळा विकतो, त्याचे दहा सौद्यांचे 200 रुपये आणि त्यावरील कराचे 36. महिन्याचे वीस दिवस धरले तर 4,720 रुपये, वर्षाचे 56,640. मध्यम धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव होता 7,710 रुपये. म्हणजे सात क्विंटलांहून अधिक कापूस वर्षाकाठी केवळ ‘स्वस्त’ दलालीत गेला, नफा-तोट्याचा प्रश्न निघण्याआधीच. कोरडवाहू रानात तेवढा कापूस पिकवायला किती घाम लागतो, हे कुंभार पिंपळगावात कोणाला सांगावे लागणार नाही.

दलाली स्वस्त झाल्याने दलाल गरीब झाला, असे मात्र घडलेले नाही. बंगळूरच्या झेरोधा या पेढीने 2010 मध्ये रकमेच्या टक्क्यांऐवजी दर सौद्याला ठरावीक शुल्काची पद्धत रूढ करण्यास आरंभ केला. पुढे इतरांना त्याच वाटेने जावे लागले. जुन्या पेढ्यांची भरमसाट टक्केवारी मोडली, ही गोष्ट चांगलीच झाली. ती नाकारण्याचे कारण नाही. पण ठरावीक शुल्कावर चालणाऱ्या धंद्याचे गणित सौद्यांच्या संख्येवर उभे असते. ग्राहकाने शेअर घेऊन दहा वर्षे स्वस्थ बसावे यात अशा धंद्याला काही मिळत नाही. त्याने रोज दहा वेळा घ्यावे-विकावे, यातच त्याचे पोट भरते. पडद्यावरचे हिरवे-लाल आकडे आणि क्षणोक्षणी वाजणाऱ्या सूचना या गणिताला पोषकच असतात. मालक भला आहे की बुरा, हा प्रश्नच येथे गैरलागू आहे; धंद्याची रचनाच अशी आहे.

या रचनेतील एक छुपी पट्टी 2024 मध्ये उजेडात आली. शेअरबाजार ब्रोकरकडून जे शुल्क घेत, ते उलाढाल वाढेल तसे टप्प्याटप्प्याने कमी होई. ब्रोकर मात्र ग्राहकाकडून वरच्या टप्प्याचे शुल्क घेई आणि मधला फरक आपल्याकडे ठेवी. ग्राहकाच्या नोंदीवर हे ‘शेअरबाजाराचे शुल्क’ म्हणूनच दिसे. 1 जुलै 2024 च्या परिपत्रकाने सेबीने ही टप्प्यांची पद्धत 1 ऑक्टोबरपासून बंद केली. तेव्हा झेरोधाच्या संस्थापकांनी स्वतःच जाहीर केले की, त्यांच्या उत्पन्नाचा सुमारे दहा टक्के भाग या फरकातून येत होता आणि इतर ब्रोकरांच्या बाबतीत तो दहा ते पन्नास टक्क्यांपर्यंत असावा. अडत कमी घेतो म्हणणारा अडत्या तोलाईत हात मारत असेल, तर शेतकरी त्याला काय म्हणतो, हे निराळे सांगावयास नको. फरक एवढाच, की येथे हे सारे नियमात बसत होते.

आता मुख्य आकडा. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांचा हिशेब आहे. शेअरबाजाराच्या वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात गेल्या. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये. एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटींहून अधिक. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त कमावणारे होते अवघे एक टक्का. 2024-25 या वर्षी सेबीच्या पुढील पाहणीनुसार 91 टक्के तोट्यात होते आणि एकूण तोटा 1 लाख 5 हजार कोटींच्या वर गेला. शंभरातील नव्वदांहून अधिक माणसे ज्या धंद्यात दरवर्षी बुडतात, त्याला दुसऱ्या कोणत्याही क्षेत्रात धंदा म्हटले गेले नसते.

ही माणसे कोण? त्याच पाहणीने तेही सांगितले आहे. 2023-24 मध्ये त्यांतील 43 टक्के तिशीच्या आतील होते. तीन-चतुर्थांशांहून अधिकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखवले होते. 72 टक्क्यांहून अधिक लोक देशातील पहिल्या तीस शहरांबाहेरचे होते. म्हणजे ही पाहणी दलाल स्ट्रीटची नाही. ती कुंभार पिंपळगावसारख्या हजारो गावांची आहे. आणि पैसा गेला कोठे? 2023-24 मध्ये खर्च धरण्यापूर्वी स्वतःच्या भांडवलावर खेळणाऱ्या पेढ्यांनी सुमारे 33 हजार कोटी आणि परकीय गुंतवणूकदारांनी सुमारे 28 हजार कोटी कमावले. या नफ्याचा 95 टक्क्यांहून अधिक भाग संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांतून आला. एका बाजूला शेअरबाजाराच्या यंत्राशेजारीच आपला संगणक बसवून निमिषार्धात सौदा करणारी पेढी. दुसऱ्या बाजूला बांधावर मोबाइलचे नेटवर्क शोधणारा मुलगा. दोघांनाही दलाली सारखीच वीस रुपये लावली, म्हणून सामना बरोबरीचा होत नाही. जुलै 2025 मध्ये सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी पेढीवर अंतरिम आदेश काढून 4,843 कोटी रुपये गोठवले. निर्देशांकाशी खेळ करून ऑप्शनमध्ये नफा उकळल्याचा तो आरोप आहे. पेढीने तो नाकारला असून दादही मागितली आहे. निकाल काहीही लागो, समोर कोण बसलेला आहे एवढे त्या आदेशाने दाखवून दिले.

मराठी मुलखाला हा खेळ नवा नाही, आणि दरवेळी त्याच्या मुळाशी कापूस राहिला आहे. अमेरिकेतील यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात हिंदी कापसाला सोन्याचे मोल आले. तो पैसा मुंबईत बॅक बे रेक्लमेशनसारख्या कंपन्यांच्या शेअरवर वायद्याने उधळला गेला. यादवी संपली, भाव कोसळले आणि 1 जुलै 1865 या वायद्याच्या दिवशी मुंबईच्या पेढ्या पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणे ढासळल्या. दख्खनच्या शेतकऱ्याला तेजीत मिळालेले कर्ज मंदीत गळफास ठरले. 1875 मध्ये सुप्यापासून पेटलेल्या दंग्यांत पुणे-नगरच्या कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. पुढे विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या-मिटत्या भावांवर मुंबईचा कामगार आकडा लावू लागला. साठच्या दशकात ते भाव येणे थांबले, तेव्हा मटक्यातून चिठ्ठ्या काढण्यास सुरुवात झाली. कापूस पिकवणारा एकीकडे राहिला आणि त्याच्या भावाचा आकडा दुसऱ्याचा जुगार झाला. आज तो आकडा निफ्टीचा आहे, आणि लावणारा कापूस पिकवणाऱ्याचाच मुलगा आहे.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. वायदा म्हणजे केवळ सट्टा नव्हे, असे जाणकार सांगतात. पेरणीच्या वेळी काढणीचा भाव बांधून घेता आला, तर शेतकऱ्याची जोखीम कमी होते. वायद्याचा मूळ हेतू तोच. हे म्हणणे खरे आहे. पण मग कुंभार पिंपळगावच्या शेतकऱ्याला कोणता वायदा खुला आहे? तुरीचा वायदा जानेवारी 2007 मध्ये बंद झाला. सोयाबीन, हरभरा, मूग यांसह सात शेतमालांचे वायदे 20 डिसेंबर 2021 रोजी एक वर्षासाठी स्थगित झाले. मग मुदतवाढीमागून मुदतवाढ देत ही स्थगिती मार्च 2026 पर्यंत नेण्यात आली. कापसाचा वायदा 2022 मध्ये अडखळला आणि 2023 मध्ये नव्या अटींवर पुन्हा सुरू झाला. पण त्या कराराचा आकार 48 खंडी. खंडी म्हणजे सुमारे 356 किलो रुई. 48 खंडी रुईला पाचशे क्विंटलांच्या आसपास कापूस लागतो. पाच एकरांत तीस क्विंटल काढणारे सोळा-सतरा शेतकरी एकत्र यावेत, तेव्हा कोठे एक करार व्हावा!

यातील विसंगती डोळ्यांत भरणारी आहे. जो वायदा शेतकऱ्याच्या मालाचा, तो ग्राहकांच्या महागाईचे कारण सांगून बंद. ज्या वायद्याशी त्याच्या घामाचा काडीचा संबंध नाही, तो त्याच्या मुलासाठी वीस रुपयांत जाहिरातींसह उघडा. ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेले, तेव्हा सरकारने बारा लाख टन सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरील 11 टक्के आयात शुल्क माफ केले आणि ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली. त्याच पावसाळ्यात मराठवाड्याची उभी पिके अतिवृष्टीने सडत होती. शेतमालाचा भाव चढला की राज्यसंस्था क्षणात जागी होते. गावातील पोरांचे लाख कोटी रुपये वाहून जाताना ती एखाद्या सूचनेवर भागवते. जुलै 2023 पासून ब्रोकरांना प्रवेशाच्या वेळीच ‘दहापैकी नऊ जण तोट्यात जातात’ असे दाखवणे बंधनकारक आहे. सूचना दिसते, बोट ती बाजूला सारते आणि खेळ सुरू होतो. सिगारेटच्या पाकिटावरील चित्रासारखीच तिची गत झाली आहे. दरम्यान सरकारला प्रत्येक सौद्यावर कर मिळतो, आणि सौदा तोट्याचा झाला म्हणून तो कर माफ होत नाही.

मग पक्षाची भूमिका काय असावी? सरसकट बंदीची घोषणा सोपी आहे आणि टाळ्या मिळवणारीही आहे. पण बंदीने मटका थांबला नाही, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. उघड्या बाजारातून हाकललेला तरुण परदेशी ॲपच्या किंवा बेनामी ‘डब्बा’ सौद्यांच्या तावडीत गेला, तर त्याला दाद मागण्याचीही जागा उरणार नाही. बंदीपेक्षा नेमक्या मागण्या अधिक उपयोगी. उत्पन्न आणि भांडवल काटेकोरपणे तपासल्याखेरीज कोणालाही वायदे-ऑप्शन उघडून देऊ नये. धोक्याची सूचना मराठीत असावी. तीत देशाचा सरासरी आकडा नको, त्या खातेदाराचा स्वतःचा आजवरचा तोटा आणि भरलेली दलाली रुपयांत दिसावी. शेतमालाच्या वायद्याचा प्रश्न दिल्लीच्या महागाईच्या चष्म्यातून न सोडवता लहान करार आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांचा सामुदायिक सहभाग या अटींवर सोडवावा. आणि या सर्वांच्या आधी हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी व्हावी. जेथे मालाला खात्रीचा भाव नाही आणि शिकलेल्या हातांना काम नाही, तेथे आकड्याचे आकर्षण राहणारच.

दिल्ली-मुंबईकडील मागण्या होत राहतील. गावातील काम त्यासाठी थांबण्याची गरज नाही. कोणी तरुण स्वस्त ब्रोकर विचारत आला, तर कार्यकर्त्याने त्याच्याजवळ बसावे. त्याच्या मोबाइलमधून मागील वर्षाची सारी पट्टी काढावी: निव्वळ नफा-तोटा किती, दलाली किती, कर किती. बहुतेकांनी हा हिशेब एकदाही सलग पाहिलेला नसतो. तरीही त्याला सौदे करावयाचेच असतील, तर ब्रोकर सेबीकडे नोंदलेला आहे का, पैसे त्याच्या अधिकृत खात्याखेरीज अन्यत्र मागितले जातात का, सौदा मोडण्याचे शुल्क काय, तक्रार सेबीच्या ‘स्कोअर्स’ यंत्रणेकडे कशी करावयाची, एवढे त्याला समजावे. उसनवारीच्या पैशावर, बहिणीच्या बचत गटाच्या कर्जावर किंवा पेरणीसाठी ठेवलेल्या रकमेवर सौदा नाही, ही एक रेघ तरी त्याने स्वतः ओढावी. आणि तोट्यात गेलेल्याला लाज वाटू देऊ नये. शंभरातील नव्वदांहून अधिकांचे जे झाले ते त्याच्या एकट्याच्या नालायकीने झालेले नाही, एवढे कळले तरी पुष्कळ जण गमावलेले परत मिळवण्याच्या नादातून बाहेर पडतील. तोटा लपवणारा मुलगा घरात एकटा पडतो. त्या एकटेपणाचा शेवट काय होऊ शकतो, हे मराठवाड्याला ठाऊक आहे.

डॉ. बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, तेव्हा पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाला त्याच्या मजुरीचा हिशेब मागण्याचे बळ मिळाले. माथाडी कायदा 1969 मध्ये त्यानंतर आला. आधी हिशेब, मग संघटना, मग कायदा, असाच तो क्रम होता. मोबाइलवर सौदे करणारा तरुण स्वतःला हमाल समजत नाही, व्यापारी समजतो. त्याच्या वर्षभराच्या पट्टीची बेरीज त्याच्यासमोर मांडली, तर आपण कोणाचे ओझे वाहत होतो हे त्याचे त्यालाच दिसेल. घनसावंगी तालुक्यातील एखाद्या शाखेने या हंगामात असे पन्नास हिशेब जमवले, तर तो मुंबईत मांडण्यासाठी मोर्च्याहून वजनदार दस्तऐवज होईल.